विस्मरणाच्या आजाराला नियमांचे विस्मरण

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळली आहे की, वृद्धांच्या विसराळूपणाकडे आजार म्हणून पाहावे असे फारसे कोणाला वाटत नाही. आजोबा एकच प्रश्न दहा वेळा विचारतात, आजी जेवण होऊनही ‘मला कोणी वाढले नाही’ म्हणून रुसून बसते, शेतावर निघालेला म्हातारा रोजच्या पांदणीत वाट चुकतो. या साऱ्याला ‘म्हातारचळ’ असे एकच नाव देऊन घर पुढे चालू लागते. मात्र कधी तरी घरच्यांचे बळ संपते आणि वृद्धाश्रमाचा शोध सुरू होतो. जन्मदात्याला ज्या संस्थेच्या स्वाधीन करायचे, तिच्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात त्याचे उत्तर शोधू गेल्यास समाजकल्याण, आरोग्य, धर्मादाय आणि अग्निशमन अशी चार दारे ठोठवावी लागतात. पूर्ण उत्तर मात्र त्यांपैकी एकाही दारावर मिळत नाही.

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया हा वार्धक्याचा अटळ परिणाम नव्हे. मेंदूतील पेशींचा ऱ्हास किंवा मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील अडथळा यांमुळे स्मरण, भाषा, दिशाज्ञान आणि निर्णयशक्ती यांवर आघात करणाऱ्या आजारांचा तो समूह आहे. अल्झायमर हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा प्रकार. जर्मन डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन मांडले. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी आजार मुळापासून बरा करणारे औषध हाती आलेले नाही. म्हणूनच या रुग्णाच्या बाबतीत उपचारापेक्षा सांभाळ हा मोठा भाग ठरतो आणि सांभाळाचा दर्जा हाच त्याच्या उरलेल्या आयुष्याचा दर्जा ठरतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने संस्कृतच्या एका विद्वानाची अशी अवस्था मराठी प्रेक्षकांपुढे आणली होती. विद्वत्ता, पैसा किंवा गोतावळा यांपैकी काहीही या आजारापासून बचाव करू शकत नाही, हे त्यातून अनेकांना प्रथमच जाणवले.

आकडा किती मोठा?

‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची संख्या सुमारे ३७ लाख असल्याचे म्हटले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासाने हा अंदाज बराच वर नेला. साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजेच देशातील जवळपास ८८ लाख वृद्धांना हा आजार असावा, असा त्याचा निष्कर्ष आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात प्रमाण अधिक आढळले, ही त्यातील विशेष नोंद. स्मृतिभ्रंश हा शहरी, सुखवस्तू कुटुंबांचा आजार आहे या समजुतीला तीमुळे धक्का बसतो.

२०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ होती. त्या वेळी राज्यातील साठीपुढील नागरिकांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. तेच प्रमाण आणि वरील राष्ट्रीय दर जिल्ह्याला लावून पाहिला, तर नऊ हजारांच्या आसपास रुग्णांचा ढोबळ हिशेब निघतो. हे प्रत्यक्ष सर्वेक्षण नव्हे, केवळ गणित आहे. पण प्रश्न दहा-वीस घरांपुरता नाही, एवढे त्यावरून निश्चित कळते. भाताच्या शेतीवर आणि पितळी भांड्यांच्या कारागिरीवर उभ्या असलेल्या या जिल्ह्यातील तरुण पिढी नोकरीसाठी नागपूर, पुणे, मुंबई गाठते. मागे उरतात ती दोन म्हातारी माणसे. त्यांपैकी एकाला विस्मरणाने घेरले की दुसऱ्याची रात्रंदिवस पाळत सुरू होते आणि बहुधा ही पाळत घरातल्या बाईच्याच वाट्याला येते.

मुलांचे घर, वृद्धांचे घर

बालकांसाठी निवासी संस्था काढायची झाल्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ नुसार नोंदणी सक्तीची आहे. विनानोंदणी संस्था चालवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्त्रिया व बालकांच्या संस्थांना परवाना हवा, असा स्वतंत्र केंद्रीय कायदा तर १९५६ मध्येच झाला. वृद्धांच्या निवासी संस्थांसाठी मात्र देशपातळीवर तशी सक्तीची नोंदणी नाही. आपले नाव, गाव आणि नाते विसरलेली व्यक्ती ही लहान मुलाइतकीच परावलंबी असते. कायद्याच्या लेखी मात्र ती सज्ञान आहे आणि तिची संस्था ही बहुतांशी एक खासगी निवासव्यवस्था.

पालक व ज्येष्ठ नागरिकांचे निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ हा या विषयातील मुख्य कायदा. महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१० मध्ये केले. कायद्याच्या कलम १९ नुसार राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने, निदान प्रत्येक जिल्ह्यात एक याप्रमाणे, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारावा, असे अभिप्रेत आहे. वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना आणि सेवांचा दर्जा ठरवण्याचा अधिकारही याच कलमात आहे. अडचण अशी की, कलमातील क्रियापद ‘करू शकेल’ असे आहे. बंधनाचा सूर त्यात नाही. शिवाय कलमाचा सारा रोख निराधारांसाठीच्या शासकीय वृद्धाश्रमांवर आहे. दरमहा हजारो रुपये घेऊन स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या खासगी गृहाचा विचार २००७ मध्ये झालेलाच नव्हता.

राज्यात १९९५ पासून मातोश्री वृद्धाश्रम योजनेतून स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रम उभे राहिले. पण ती योजना हिंडत्या-फिरत्या, स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्या ज्येष्ठांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती. अनेक धर्मादाय वृद्धाश्रमही अंथरुणाला खिळलेल्या किंवा भ्रमिष्ट झालेल्या व्यक्तीला प्रवेश देत नाहीत. तो नकार त्यांच्या मर्यादेतून येतो, हे मान्य करायला हवे. परंतु प्रवेशाच्या वेळी ठणठणीत असलेली व्यक्ती पाच वर्षांनी विसरू लागली, तर तिचे काय करायचे याचे उत्तरही या योजनांत सापडत नाही.

इतर कायद्यांची व्याप्ती पाहू जाता चित्र असेच तुकड्यातुकड्यांचे दिसते. संस्था विश्वस्त निधी म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार तिचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. रुग्णाची कूस रात्री किती वेळा बदलली, हे त्या हिशेबात दिसत नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा राज्याचा १९४९ चा कायदा आजारी, जखमी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा देणाऱ्या जागेला लागू होतो. स्मृतिभ्रंशाच्या निवासी गृहाला हे वर्णन शब्दशः लागू पडू शकते. पण ‘आम्ही उपचार करत नाही, केवळ राहण्याची सोय करतो’ असे म्हणून संचालकाला त्यातून अंग काढून घेता येते. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. उद्वाहक, चाकाच्या खुर्चीला पुरेसे रुंद दरवाजे, न घसरणाऱ्या फरशा, स्वच्छतागृहातील आधारदांडे असा त्यांचा तपशील आहे. तो स्वागतार्हच आहे. मात्र महारेराचे अधिकारक्षेत्र इमारत बांधून विकण्यापुरते असते. इमारतीत नंतर कोण कोणाला कसे सांभाळते, हा त्याचा विषय नव्हे.

मानसिक आरोग्य कायद्याची कसोटी

२९ मे २०१८ पासून अमलात आलेला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा या पसाऱ्यातील सर्वांत धारदार कायदा ठरू शकतो. विचार, मनःस्थिती, आकलन, दिशाज्ञान किंवा स्मृती यांत असा मोठा बिघाड की ज्यामुळे निर्णयक्षमता आणि दैनंदिन व्यवहार कोलमडतात, अशी मानसिक आजाराची व्याख्या या कायद्यात आहे. आजाराचे निदान आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मानकांनुसार व्हावे, असेही कायदा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात स्मृतिभ्रंशाची गणना मानसिक व वर्तनविषयक विकारांच्या प्रकरणात केली आहे. ही दोन टोके जोडली, तर गंभीर स्मृतिभ्रंश या व्याख्येत बसतो, असे म्हणावे लागते.

पुढची पायरी संस्थेची. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना सांभाळ, उपचार किंवा पुनर्वसनासाठी जेथे दाखल करून ठेवले जाते, अशी प्रत्येक जागा ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ठरते. रुग्ण नातेवाईक वा मित्रांसमवेत राहतो ते घर यातून वगळले आहे. कलम ६५ नुसार अशी आस्थापना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदवल्याशिवाय चालवता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला ५ हजार ते ५० हजार रुपये, दुसऱ्याला दोन लाखांपर्यंत आणि त्यापुढील प्रत्येक उल्लंघनाला पाच लाखांपर्यंत दंड आहे. त्यामुळे केवळ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी म्हणून जाहिरात करणारे गृह या कायद्यातून सुटू शकते, असे मानणे कठीण आहे. जेथे तीस वृद्धांपैकी पाच-सहा जण विस्मरणाने ग्रासलेले आहेत, त्या सर्वसाधारण वृद्धाश्रमाचे काय, हा मात्र अर्थ लावण्याचा प्रश्न आहे आणि नेमके असेच वृद्धाश्रम संख्येने अधिक असतात.

या कायद्याची चौकट मनोरुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे, ही दुसरी अडचण. स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णाला नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून आधी ३० दिवसांपर्यंत ठेवता येते. मुदत वाढवायची झाल्यास दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मान्यता लागते. ही मुदत प्रथम ९० दिवस, मग १२० दिवस आणि त्यानंतर दर वेळी १८० दिवस अशी असते. काही आठवड्यांत बरे होऊन घरी जाणाऱ्या रुग्णासाठी ही तरतूद मोलाची आहे, कारण कोणालाही विनाकारण डांबून ठेवण्याला तिच्यामुळे आळा बसतो. पण जी व्यक्ती आयुष्याची अखेरची आठ-दहा वर्षे त्याच संस्थेत काढणार, तिच्यासाठी दर सहा महिन्यांनी दोन मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कोठून? राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांपैकी भंडाऱ्याला जवळचे नागपूरचे. लाखांदूर किंवा तुमसर तालुक्यातील कुटुंबाला तेवढा प्रवासही एक दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून करावा लागतो. नियम पाळणेच अशक्य झाले की तो कागदावर उरतो, आणि त्यासोबत त्यातले चांगले संरक्षणही कागदावरच राहते.

कुलूप, दोरी आणि गोळी

हे संरक्षण कशापासून हवे, हे समजण्यासाठी रुग्णाच्या वागण्याकडे पाहावे लागते. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांना सायंकाळी अस्वस्थता वाढते. ‘मला घरी जायचे आहे’ म्हणून ते उठतात आणि चालू लागतात. रात्री झोपत नाहीत, कधी हात उगारतात, कधी अंगावरचे कपडे काढून टाकतात. शिकवलेला, धीराचा परिचारक अशा वेळी बोलण्यात गुंतवून, सोबत चार पावले चालून, ओळखीचे भजन लावून त्या व्यक्तीला शांत करतो. मनुष्यबळ अपुरे असेल, तेथे तीन सोपे मार्ग उरतात. दाराला कुलूप, हाताला दोरी किंवा झोपेची गोळी.

२०१७ च्या कायद्याने या तिन्हींपैकी दोन मार्गांना स्पष्ट लगाम घातला आहे. साखळदंडाने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई आहे. एकांतकोठडी वर्ज्य आहे. शारीरिक जखडणी ही तत्काळ होऊ घातलेली इजा टाळण्याचा एकमेव उपाय असेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने, अगदी आवश्यक तेवढ्याच काळापुरती करता येते. तिची नोंद ठेवावी लागते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवावे लागते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून कोणाला बांधता येत नाही, हे कलम ९७ मध्ये स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. संस्था या कायद्याखाली नोंदलेलीच नसेल, तर हे शब्द तिच्या भिंतींच्या आत पोहोचवायचे कोणी, हा खरा पेच आहे.

गोळीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वर्तन शांत करणारी मनोविकारविरोधी औषधे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या पिढीतील औषधांनाही लागू केला. डॉक्टर जपून, थोड्या मुदतीसाठी ही औषधे देतात आणि कधी कधी ती आवश्यकही असतात. परंतु एकदा लिहून दिलेली चिठ्ठी वर्षानुवर्षे तशीच चालू राहिली, तर झोपाळलेला, पडून हाड मोडणारा, जेवताना ठसका लागणारा रुग्ण हा त्याचा परिणाम असतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तो ‘आता शांत झाला’ असे वाटते.

९ जानेवारीचा धडा

कुलपाचा विषय भंडाऱ्यात केवळ तात्त्विक राहू शकत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर येथील जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विशेष कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. सात वाचली, दहा दगावली. त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तत्कालीन अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्षात आग लागून ११ रुग्णांना प्राण गमवावे लागले. जे स्वतः उठून पळू शकत नाहीत, त्यांच्यासाठी आगीतले पहिले काही क्षणच निर्णायक असतात, हा या दुर्घटनांचा धडा आहे.

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण चालू शकत असला, तरी घंटेचा अर्थ त्याला कळेलच असे नाही. धूर पाहून तो पलंगाखाली लपू शकतो किंवा बाहेर काढणाऱ्यालाच विरोध करू शकतो. त्यात दार बाहेरून बंद आणि किल्ली रात्रपाळीच्या एकट्या परिचारकाच्या खिशात असेल, तर काय होईल याची कल्पना करणेही नकोसे वाटते. राष्ट्रीय बांधकाम संहितेने वृद्ध व दुर्बलांच्या गृहांना संस्थात्मक इमारतींच्या गटात टाकले आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक यंत्रणेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते. पण भाड्याने घेतलेल्या बंगल्यात वृद्धाश्रम सुरू झाला आणि कागदोपत्री ती इमारत ‘निवासी’च राहिली, तर या तपासणीच्या यादीत तिचे नाव येणार कसे? नोंदणीचे महत्त्व येथे कळते. अस्तित्वच ठाऊक नसलेल्या संस्थेची तपासणी होऊ शकत नाही.

जपानने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. नागासाकी प्रांतातील ओमुरा येथे जानेवारी २००६ मध्ये स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या एका लहान समूहगृहाला आग लागून सात जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील अग्निसुरक्षेचे नियम बदलले आणि अशा छोट्या गृहांनाही पाण्याचे स्वयंचलित फवारे बसवणे भाग पडू लागले. त्याच देशाने २००४ मध्ये या आजाराचे जुने, अवमानकारक नाव टाकून नवे नाव स्वीकारले होते. समूहगृहातील एका गटात नऊपेक्षा अधिक रुग्ण नसावेत, असाही तेथे दंडक आहे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहांत शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रुग्णाला बांधण्यास वा औषधाने गुंगवण्यास मनाई केली. तेथेही सहाय्यित निवासगृहे मात्र राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या नियमांवर सोडलेली आहेत. म्हणजे ‘रुग्णालय नाही आणि घरही नाही’ अशा जागेला कोणत्या कायद्यात बसवावे, हा पेच केवळ आपल्याकडचा नाही.

बाद झालेले विधेयक

हा पेच सोडवण्याचा एक प्रयत्न डिसेंबर २०१९ मध्ये झाला होता. २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले. खासगी असो वा शासकीय, ज्येष्ठांच्या प्रत्येक देखभालगृहाची नोंदणी, अन्न, जागा आणि वैद्यकीय सोयी यांची किमान मानके, घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांवरही नियमन आणि निर्वाहभत्त्यावरील दहा हजार रुपयांची कमाल मर्यादा काढून टाकणे अशा तरतुदी त्यात होत्या. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला. पुढे चर्चा आणि मतदान मात्र झाले नाही. २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक आपोआप बाद ठरले. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची आणि वृद्धांसाठीच्या वैद्यकीय सोयींची माहिती राज्यांकडून गोळा करण्यास केंद्राला सांगितले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नीती आयोगानेही ज्येष्ठांच्या देखभालीतील सुधारणांवर आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. गरज सर्वांना पटलेली आहे. कायद्याच्या पुस्तकात मात्र ती उतरलेली नाही.

नियम कडक केले की छोट्या संस्था बंद पडतील आणि रुग्ण रस्त्यावर येतील, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो उडवून लावण्याजोगा नाही. श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धाला २०२३ पासून दरमहा दीड हजार रुपये मिळतात. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून लागू झालेले आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. दीर्घ मुदतीच्या सांभाळाला ते उपयोगी पडत नाही. अशा स्थितीत मानके केवळ दंडाच्या धाकाने येणार नाहीत, त्यांच्या जोडीला पैसाही लागेल. केंद्राच्या ज्येष्ठांसाठीच्या एकात्मिक कार्यक्रमात, गंभीर आजारी किंवा स्मृतिभ्रंशग्रस्त अशा किमान २० ज्येष्ठांच्या सततच्या शुश्रूषागृहाला अनुदानाची तरतूद आहे. केरळने २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशासाठी स्वतंत्र राज्य उपक्रम सुरू करून शासन आणि स्वयंसेवी संस्था यांची सांगड घातली. अनुदान घ्या आणि तपासणीही स्वीकारा, असा व्यवहार्य मार्ग त्यातून निघू शकतो.

सही कोणाची?

संस्थेच्या नियमनाइतकाच कळीचा आणखी एक मुद्दा आहे. जी व्यक्ती स्वतःचे हित ओळखू शकत नाही, तिच्या वतीने करारावर सही कोण करणार? मुलाच्या नावे केलेले मुखत्यारपत्र पुरेसे आहे, असा सर्वत्र समज आहे. भारतीय करार अधिनियमानुसार मात्र मुखत्यारपत्र करून देणारी व्यक्ती विकलचित्त झाली की त्या पत्राची शक्ती संपते. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात पालक नेमण्याची तरतूद होती, २०१७ च्या कायद्यात ती नाही. त्यामुळे बँकेतील पैसे काढण्यासाठी किंवा घर विकून उपचारांचा खर्च भागवण्यासाठी कुटुंबांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत मुलांना किंवा जोडीदाराला पालक म्हणून नेमल्याची उदाहरणे आहेत. सर्वसामान्य माणसाला हा मार्ग लांबचा आणि खर्चाचा वाटतो.

आजार प्राथमिक अवस्थेत असतानाच हालचाल केली, तर बरेच काही सावरता येते. २०१७ च्या कायद्याने आपल्याला भविष्यात कशी वागणूक व उपचार हवेत किंवा नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. नामनिर्देशित प्रतिनिधी तर साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमता येतो. ही सोय बहुसंख्य कुटुंबांना ठाऊकच नसते.

जिल्ह्यात आज काय शक्य आहे?

नव्या कायद्याची वाट न पाहता काही गोष्टी आजही करता येण्यासारख्या आहेत. २००७ च्या कायद्याची अंमलबजावणी करण्याचे अधिकार राज्य शासन जिल्हाधिकाऱ्यांना देऊ शकते. जिल्ह्यातील सर्व वृद्धाश्रमांची, खासगी आणि धर्मादाय दोन्हींची, एक यादी करणे आणि समाजकल्याण, आरोग्य व अग्निशमन यांची संयुक्त पाहणी ठेवणे, यासाठी विधिमंडळाच्या मंजुरीची आवश्यकता नाही. याच कायद्याच्या कलम २० ने जिल्हा रुग्णालयांत वृद्धोपचारांची खास सोय असावी, असे म्हटले आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत भंडाऱ्याचाही समावेश होता. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धोपचार कक्ष ही त्या कार्यक्रमाची कल्पना आहे. या कक्षाचा आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञांचा वृद्धाश्रमांशी नियमित संबंध जोडला, तर निदान आणि औषधांचा फेरविचार या दोन्ही गोष्टी नागपूरला न जाता होऊ शकतील.

रुग्णावर अन्याय झाल्यास कुटुंबाच्या हातीही काही साधने आहेत. शुल्क घेऊन दिलेली सेवा सदोष असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ नुसार गुन्हा असून त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. दुसऱ्या बाजूला, वृद्ध आई-वडिलांना वाऱ्यावर सोडून देणाऱ्या मुलांनाही २००७ चा कायदा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगतो. निर्वाहभत्त्याचा अर्ज रुग्ण स्वतः करू शकत नसेल, तर त्याच्या वतीने अधिकृत व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाला स्वतःहूनही दखल घेता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत.

प्रवेश घेण्यापूर्वी

संस्था निवडताना बाग किती मोठी आहे, यापेक्षा काही साध्या प्रश्नांची उत्तरे अधिक महत्त्वाची ठरतात.

- संस्थेची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे? प्रमाणपत्राची प्रत दाखवतात का?
- रात्री किती रुग्णांमागे किती परिचारक असतात आणि त्यांना या आजाराचे प्रशिक्षण मिळाले आहे का?
- दारे कशी बंद करतात? आग लागल्यास ती कोण उघडणार? अग्निसुरक्षेचे शेवटचे प्रमाणपत्र कधीचे आहे?
- रुग्णाला बांधण्याची वेळ आल्यास तो निर्णय कोण घेते आणि त्याची नोंद कोठे होते?
- औषधांचा फेरआढावा कोणता डॉक्टर, किती महिन्यांनी घेतो?
- पूर्वसूचना न देता भेटायला येता येते का? सायंकाळी आणि जेवणाच्या वेळीही?
- आजार वाढल्यास संस्था रुग्णाला ठेवून घेणार की परत पाठवणार? हे करारात लिहिले आहे का?

यांपैकी शेवटून दुसरा प्रश्न सर्वांत बोलका आहे. जी संस्था कोणत्याही वेळी दार उघडते, तिच्याकडे लपवण्यासारखे सहसा काही नसते. दुर्दैवाने आजघडीला अशी अचानक भेट देणारा तपासनीस हा बहुतेक वेळा रुग्णाचा नातेवाईकच असतो. ज्याला नातेवाईक नाहीत, किंवा ज्याची मुले वर्षातून एकदा दिवाळीला येतात, त्याच्या वतीने विचारणारे कोणी तरी असावे यासाठीच शासनाची नोंदवही आणि तपासनीस हवा. तक्रार करायची आहे हेच जो विसरून गेला आहे, त्याच्याकडून तक्रार येण्याची वाट पाहणारी यंत्रणा त्याच्या काही कामाची नाही.